बिग बेअरच्या घरट्यातील गरुड-कुटुंब: काय पाहावे, काय नोंदवावे आणि आपण कुठे थांबावे

आडवाट (धागाकर्ता)

दक्षिण कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून जवळजवळ पावणेसात हजार फूट उंचीवर, बिग बेअर नावाचा तलाव आहे. त्याच्या परिसरात एका जेफ्री पाइन वृक्षावर, जमिनीपासून सुमारे १४५ फुटांवर, बाल्ड ईगल या गरुडांच्या जोडीचे घरटे आहे. ‘फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली’ या स्थानिक लोकांच्या ना-नफा संस्थेने २०१५ मध्ये या घरट्याजवळ सौरऊर्जेवर चालणारा कॅमेरा बसवला आणि तेव्हापासून जगातील कोणालाही हे कुटुंब दिवसरात्र पाहता येते. रात्रीचे चित्रण अवरक्त प्रकाशात होते आणि तो प्रकाश गरुडांना दिसत नाही, त्यामुळे त्यांच्या झोपेत व्यत्यय येत नाही. आपल्यापैकी अनेकजण हे थेट प्रक्षेपण पाहतात, परंतु त्याविषयी सलग आणि विचारपूर्वक अशी चर्चा मराठीत फारशी होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मादीचे नाव जॅकी आणि नराचे शॅडो. जॅकीचा जन्म २०१२ मध्ये याच खोऱ्यात झाला असावा, असे संस्थेचे मत आहे. तिचा आधीचा जोडीदार ‘मिस्टर बी’ या नावाने ओळखला जात असे. २०१८ मध्ये शॅडो घरट्याकडे फिरकू लागला, त्याला हाकलण्याचे प्रयत्न झाले, तरी तो हटला नाही आणि अखेर मिस्टर बी तेथून निघून गेला. बाल्ड ईगल जन्मभर एकाच जोडीदाराबरोबर राहतात असे आपण ऐकतो. ते बऱ्याच अंशी खरे असले, तरी त्याला अपवाद असतात आणि त्यातला एक या घरट्यातच घडला, हे नव्या प्रेक्षकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

हंगामाचा क्रम साधारण असा असतो. शरद ऋतूपासून दोघे मिळून काटक्या आणून घरट्याची डागडुजी करतात आणि मध्यभागी मऊ गवत अंथरून अंड्यांसाठी खोलगट जागा तयार करतात. एक काटकी नेमकी कुठे ठेवायची यावरून दोघांमध्ये जी ओढाताण चालते, ती पाहण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही, आणि माझ्या मते हिवाळ्याच्या तोंडावरचा हा भाग पिल्लांच्या काळाइतकाच पाहण्याजोगा आहे, जरी त्या दिवसांत प्रेक्षक कमी असतात. जानेवारीच्या अखेरीस अंडी घातली जातात. दोन अंड्यांमध्ये सुमारे तीन दिवसांचे अंतर असते. बाल्ड ईगलची अंडी साधारण ३५ दिवसांत फुटतात, पण या घरट्यात त्याहून काही दिवस अधिक लागतात. पहिले अंडे घातल्यावर ही जोडी लगेच पूर्ण वेळ उबवायला बसत नाही. त्यामुळे पुढची अंडी मागे पडत नाहीत आणि पिल्ले वयाने एकमेकांच्या जवळ राहतात. उबवण्याचे काम दोघेही करतात. शॅडो पाळी बदलायला आला की जॅकी पुष्कळदा उठायलाच तयार नसते. फेब्रुवारी २०२४ च्या हिमवादळात ती दोन दिवसांहून अधिक काळ अंड्यांवरून हलली नाही. अंगावर बर्फाचा थर साचलेला आणि केवळ डोके वर, असे ते दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरणे कठीण आहे.

पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर साधारण दहा ते चौदा आठवड्यांनी उडतात. त्याआधी ती घरट्याच्या कडेला पंख फडफडवतात, मग शेजारच्या फांदीवर चढू लागतात. डोके आणि शेपटी पांढरी होण्यास मात्र चार ते पाच वर्षे लागतात. तोवर ती करड्या-तपकिरी रंगाची आणि पांढऱ्या ठिपक्यांची दिसतात, आणि पुष्कळ लोक त्यांना वेगळ्याच जातीचा पक्षी समजतात.

आपण पाहताना काय टिपता, कोणत्या प्रसंगांनी गोंधळात पडलात, आणि प्रेक्षक म्हणून आपली मर्यादा कुठे आहे असे आपल्याला वाटते, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

सांजपारवा

उत्तम धागा. मनात बराच काळ सलत असलेला प्रश्न येथे विचारतो. मार्च २०२५ च्या आरंभी तीन अंड्यांतून तीन पिल्ले बाहेर आली. आदल्या वर्षी तिन्ही अंडी वाया गेलेली असल्यामुळे सर्वांना मोठा आनंद झाला होता. मग महिन्याच्या मध्यास हिमवादळ आले आणि ते ओसरल्यावर दोनच पिल्ले दिसली. हजारो लोक ती रात्र पाहत होते. कॅमेरा बसवणारी संस्था तेथेच आहे, झाड कोणते ते ठाऊक आहे आणि वादळाची पूर्वसूचनाही होती. मग पिल्लू वाचवण्यासाठी कोणी काहीच का केले नाही? एखाद्या जिवाचे मरण अशा रीतीने नुसते पाहत राहणे मला तरी पटत नाही.

नदीकाठ

सांजपारवा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि दर हंगामात तो कोणी ना कोणी विचारतेच. मी तीन कारणे मांडतो, पण ती सारख्या वजनाची नाहीत.

कायद्याचे कारण सर्वांना ठाऊक असते, म्हणून त्याविषयी थोडक्यात. अमेरिकेत १९४० पासून बाल्ड ईगलच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार पक्षी, अंडी, घरटे, इतकेच काय पण गळून पडलेले पीससुद्धा परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि विणीच्या काळात पक्ष्यांना विचलित करणे हाही गुन्हा ठरतो. ते झाड राष्ट्रीय वनाच्या हद्दीत आहे आणि विणीच्या काळात वन सेवा घरट्याभोवतालचा परिसर लोकांसाठी बंद ठेवते. संस्थेला कॅमेरा चालवण्याची मुभा आहे, पक्ष्यांना हात लावण्याची नाही.

व्यवहाराचे कारण मला त्याहून मोठे वाटते. तीन पिल्लांपैकी सर्वांत मोठे तेव्हा दहा-अकरा दिवसांचे होते. त्या वयात पिल्लांच्या अंगावर केवळ लव असते, त्यांना स्वतःचे तापमान राखता येत नाही, आणि आईच्या पोटाखालील पिसे नसलेल्या उबदार भागाखेरीज त्यांना दुसरा आधार नसतो. बर्फ पडत असताना एखादा माणूस दीडशे फूट उंच झाडावर चढू लागला, तर सर्वप्रथम जॅकी उठून उडेल आणि तिन्ही पिल्ले उघडी पडतील. एक वाचवण्याच्या प्रयत्नात तीन गमावण्याची शक्यता त्यात होती. शिवाय तेथे पोचून करायचे काय, हा प्रश्न उरतोच. पिल्लू खाली आणले तर त्याला माणसांच्या हाती वाढवावे लागते, आणि लहान वयात माणसाची सवय लागलेला गरुड पुढे मोकळ्या रानात जगू शकेल याची शाश्वती नसते.

तिसरे कारण तत्त्वाचे आहे. वादळ हे त्या पक्ष्यांच्या आयुष्याचा भाग आहे. २०१९ मध्येही याच घरट्यात कुकी नावाचे पिल्लू मे महिन्यातील थंडीपावसाने दगावले होते आणि त्याचे भावंड सिंबा पुढे सुखरूप उडाले. हे सांगताना मला बरे वाटत नाही, पण कॅमेरा नसलेल्या हजारो घरट्यांत असेच घडते आणि तेथे आपण नसतो.

तळटीप

नदीकाठ यांचे पहिले दोन मुद्दे मान्य आहेत. तिसऱ्याविषयी मात्र शंका आहे, कारण ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ हे सूत्र आपण सोयीने वापरतो. याच दक्षिण कॅलिफोर्नियात, किनाऱ्यासमोरील सांता कॅटालिना बेटावर, गरुडांच्या घरट्यांत अनेक वर्षे माणसांनी सरळ हस्तक्षेप केला आणि त्यामुळेच तेथे आज गरुड आहेत.

हकिगत अशी. लॉस एंजेलिसजवळच्या मॉन्ट्रोस कंपनीच्या कारखान्यातील, डीडीटी हे कीटकनाशक असलेले सांडपाणी कित्येक वर्षे समुद्रात जात राहिले. ते विष माशांतून गरुडांच्या शरीरात साठले. डीडीटीपासून बनणारे डीडीई हे द्रव्य कवचात कॅल्शियम बसण्याच्या क्रियेत अडथळा आणते, त्यामुळे अंड्यांची कवचे पातळ होतात आणि उबवायला बसलेल्या आईच्या भारानेच ती तडकतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, कॅटालिना ज्यांत मोडते त्या चॅनल बेटांवरून गरुड नाहीसे झाले होते. १९८० पासून ‘इन्स्टिट्यूट फॉर वाइल्डलाइफ स्टडीज’ या संस्थेने कॅटालिनावर गरुड पुन्हा आणून सोडले. पक्षी जगले, जोड्या जमल्या, पण अंडी तडकतच राहिली, कारण डीडीटीवर १९७२ मध्ये बंदी आली असली तरी समुद्रतळाच्या गाळात ते शिल्लक होते. मग संशोधकांनी घरट्यातून खरी अंडी काढून त्या जागी खोटी ठेवली, खरी अंडी यंत्रात उबवली आणि पिल्ले पुन्हा घरट्यात नेऊन सोडली. गरुडांनी ती वाढवली. माणसाच्या मदतीवाचून घरट्यातच अंड्यातून पिल्लू बाहेर येण्याचा प्रसंग त्यांतल्याच सांताक्रूझ बेटावर २००६ मध्ये आणि कॅटालिनावर २००७ मध्ये आला.

म्हणजे हस्तक्षेप होऊ शकतो, कायद्याच्या चौकटीत बसवता येतो, आणि तो यशस्वीही होतो. मग बिग बेअरला वेगळा न्याय कशासाठी?

आडवाट

तळटीप, हे उदाहरण तुम्ही आणले म्हणून आभार, कारण माझ्या दृष्टीने ते नदीकाठ यांच्या मुद्द्याला छेद देत नाही, उलट त्याला नेमकेपणा देते. कॅटालिनाची अंडी माणसाने समुद्रात सोडलेल्या विषामुळे तडकत होती आणि प्रश्न एका पिल्लाचा नव्हता, त्या बेटांवर गरुडांची वस्ती टिकते की नाही याचा होता. तेथे पिढ्यान्‌पिढ्या एकही पिल्लू आपोआप जन्मत नव्हते. बिग बेअरला जे घडले त्याचे कारण हवामान होते, आणि त्या जातीचे अस्तित्व आज त्या एका पिल्लावर अवलंबून नाही. १९६३ मध्ये अलास्का आणि हवाई वगळता उरलेल्या अमेरिकेत बाल्ड ईगलच्या केवळ ४१७ वीण करणाऱ्या जोड्या शिल्लक असल्याची नोंद आहे. २००७ मध्ये त्यांचे नाव संकटग्रस्त जातींच्या केंद्रीय यादीतून काढले गेले, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अंदाजानुसार त्याच भागात ७१ हजारांहून अधिक जोड्या आणि एकूण तीन लाखांवर पक्षी होते.

त्यामुळे माझी कसोटी अशी आहे की, संकट माणसाने आणलेले असेल तर ते दूर करण्याची जबाबदारी माणसावर येते, आणि मग परवाना घेऊन, जाणकारांच्या हातून, झाडावर चढणेही योग्य ठरते. पिल्लाच्या पायात मासेमारीची दोरी अडकली असेल तर मी मदतीच्या बाजूने मत देईन. हिमवादळात नाही. या दोहोंच्या मधली प्रकरणे असतात आणि तेथे निर्णय अवघड असतो, हे मला मान्य आहे. वादळे अधिक तीव्र होण्यामागे माणूस आहे का, हा पुढचा प्रश्न कोणी विचारेलच. तो खोटा नाही, पण त्याचे उत्तर घरट्यात चढून मिळणार नाही.

सांजपारवा

दोरी आणि वादळ यांतला फरक समजला. मन पूर्णपणे मानत नाही, तरी उत्तर समजले.

केशरपात

मला वेगळ्याच गोष्टीची चिंता वाटते. जॅकी, शॅडो आणि २०२५ ची पिल्ले सनी, गिझ्मो अशी नावे ठेवली की आपण त्यांच्यावर माणसांचे स्वभाव लादू लागतो. शॅडो ‘प्रेमळ बाबा’, जॅकी ‘हट्टी बायको’ अशी वर्णने मी सतत वाचते. २०२४ मध्ये तिन्ही अंडी उबली नाहीत तेव्हा दोघे ‘आशा सोडायला तयार नाहीत’ असे सगळीकडे लिहिले जात होते. गरुडाला आशा असते का? उबवण्याची प्रेरणा शरीरातील संप्रेरकांमुळे टिकून राहते आणि हळूहळू ओसरते, इतकेच आपल्याला खात्रीने म्हणता येते. वैज्ञानिक अभ्यासात पक्ष्यांना क्रमांक दिले जातात, त्यामागे काही विचार आहे.

शंखपुष्पी

केशरपात, आपल्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु नावांना सरसकट दोष देऊ नये. २०२५ ची सनी आणि गिझ्मो ही नावे लोकांनी सुचवलेल्या नावांतून तेथील शाळेच्या मुलांनी मत देऊन निवडली. त्या गावातील मुलाला ‘आपल्या’ गरुडाचे नाव ठाऊक असणे आणि वन सेवेने बंद केलेल्या पायवाटेवर त्याने पाऊल न टाकणे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे मला वाटते. क्रमांक दिलेल्या पक्ष्यासाठी कोणी वाट सोडून चालत नाही.

मात्र वर्णन करताना जपावे, हे खरे. ‘जॅकी चिडली’ असे लिहिण्याऐवजी ‘शॅडो जवळ येताच जॅकीने मान पुढे काढून चोच उघडली आणि मोठ्याने ओरडली’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला आपला अर्थ आपण लावता येतो. २०२४ च्या अंड्यांविषयीही तेच. ती का उबली नाहीत, याविषयी उंचीवरील विरळ हवा, कडाक्याची थंडी, फलन न होणे, गर्भ सुरुवातीलाच थांबणे असे अनेक तर्क मांडले गेले. तर्क म्हणून ते सारे शक्य आहेत. पण तपासणीसाठी अंडी घरट्यातून उचलली गेली नाहीत, अखेर डोमकावळ्यांनी ती फोडली, आणि त्यामुळे कोणताही एक तर्क सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. त्याच जोडीने त्याच घरट्यात २०२२ मध्ये ‘स्पिरिट’ नावाचे पिल्लू वाढवले आणि २०२५ मध्ये तिन्ही अंडी उबवली. केवळ उंचीला दोष देणाऱ्यांनी हेही विचारात घ्यावे.

जाता जाता एक गोष्ट. रात्री गरुड नसताना, आणि कधीकधी असतानाही, घरट्यात उडणाऱ्या खारी येतात. गरुडाच्या घरट्यात खार निर्धास्त फिरताना पाहिली की आपल्या डोक्यातील शिकारी आणि भक्ष्य यांचे सोपे चित्र जरा बाजूला ठेवावे लागते. या हिशेबात काळोखाचाही वाटा आहे, कारण गरुड दिवसा शिकार करतो.

नदीकाठ

चर्चा घरट्यात अडकली आहे, म्हणून थोडी बाहेर नेतो. सर्वांना कॅमेरा दिसतो, पण माझ्या मते संस्थेचे अधिक मोलाचे काम जमिनीवर चालले आहे. तलावाच्या उत्तर किनाऱ्यावर ‘मून कॅम्प’ नावाची सुमारे ६२ एकर जागा आहे. तेथे घरांसाठी ५० भूखंड आणि नौकांसाठी धक्का उभारण्याची योजना होती. गरुड शिकारीसाठी पाण्यालगतच्या उंच झाडांवर बसून टेहळणी करतात. मासे आणि चांदव्यासारखे पाणपक्षी हे त्यांचे मुख्य अन्न, आणि ते सारे तलावात. घरट्याचे झाड सुरक्षित ठेवले आणि काठावरची झाडे तोडली, तर घरटे राहील पण त्यात राहणारे टिकतीलच असे नाही. संस्थेने या योजनेला वर्षानुवर्षे विरोध केला, न्यायालयात दाद मागितली, आणि ती जमीन विकत घेऊन कायमची राखण्यासाठी निधी उभारण्याचा मार्गही धरला. कॅमेऱ्याने जोडलेले लोक नसते तर हा निधी कोणाकडे मागायचा, हा प्रश्नच होता. केशरपात यांच्या आक्षेपाला हेही एक उत्तर आहे.

दुसरा विषय शिशाचा. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेच्या ३८ राज्यांतील १,२१० गरुडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बाल्ड आणि गोल्डन या दोन्ही जातींतील जवळजवळ निम्म्या पक्ष्यांच्या शरीरात दीर्घकाळ शिसे जात राहिल्याच्या खुणा आढळल्या. शिकारी हरणाची आतडी रानातच टाकून जातात. शिशाची गोळी शरीरात फुटून तिचे बारीक कण त्या मांसात पसरलेले असतात आणि हिवाळ्यात गरुड ते खातात. येथे उपाय साधा आहे, तांब्याच्या गोळ्या वापरणे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर पूर्ण बंदी घातली. आडवाट यांची कसोटी लावायची झाली, तर हे माणसाने आणलेले संकट आहे, आणि ते दूर करताना एकाही घरट्यात हात घालावा लागत नाही.

तळटीप

सहमत. याला जोडून एक माहिती. नोंदीतील सर्वांत दीर्घायुषी बाल्ड ईगल न्यूयॉर्क राज्यात २०१५ मध्ये ३८ वर्षांचा असताना मृत सापडला. १९७७ मध्ये, त्या राज्यात गरुड पुन्हा वसवण्याच्या प्रकल्पात, पिल्लू असताना त्याच्या पायात कडी घातली होती. तो म्हातारपणाने नाही, वाहनाच्या धडकेने मेला. रस्त्यावर मेलेला ससा खाण्यासाठी तो खाली उतरला होता. रस्त्यावरील मेलेले प्राणी बाजूला दूर ओढून टाकणे हेसुद्धा गरुड-संवर्धनाचे काम आहे.

पानझड

मी याच वर्षी पाहायला सुरुवात केली आहे. एक अगदी प्राथमिक शंका आहे: घरट्यात एकच गरुड असेल तर ती जॅकी की शॅडो, हे कसे ओळखावे? दोघांचा रंग मला सारखाच दिसतो.

आडवाट

रंगावरून ओळखता येणार नाही, दोघे सारखेच दिसतात. बाल्ड ईगलची मादी नरापेक्षा बरीच मोठी असते आणि जॅकी तर विशेष दणकट आहे. दोघे शेजारी बसलेले असताना आकारातील फरक डोळ्यांत भरेपर्यंत पाहून घ्यावा, विशेषतः चोचीची उंची आणि पायांची जाडी. नंतर एकटा पक्षी दिसला तरी अंदाज बरोबर येऊ लागतो. आवाजाचाही उपयोग होतो, कारण नराचा आवाज मादीपेक्षा बारीक आणि चढा असतो. रात्री अंड्यांवर बहुधा जॅकी असते, पण त्यावर विसंबून ओळख ठरवू नये.

नोंद करताना घरट्यातील स्थानिक वेळ, हवामान, कोण आले, काय आणले आणि किती वेळ थांबले, इतके रकाने पुरेसे आहेत. भक्ष्य ओळखता आले नाही तर ‘मासा’ किंवा ‘पक्षी’ एवढेच लिहावे. आणि पक्षी कोणता याची खात्री नसेल तेव्हा तो रकाना रिकामा ठेवावा. चुकीच्या नावापेक्षा रिकामी जागा नंतर तपासणाऱ्याच्या अधिक कामी येते. आपल्या पहिल्या नोंदी येथे टाकल्यात तर शंखपुष्पी आणि मी त्या चित्रणाशी ताडून पाहू.